डाळिंबी गाडीची चकाकी

कौशल्यानं काउंटरवरच्या तिन्ही बाटल्या एकेक करून उचलल्या आणि परत ठेवल्या. वाचून तिला काही कळेना.

"यातल्या कोणत्यानं गाडी अशी चमकते, का पाहणाऱ्यानं पुन्हा काही म्हणू नये?" तिनं विचारलं.

दुकानदार जितेंद्रनं गाडीचा रंग विचारला. डाळिंबी, ती म्हणाली, दसऱ्यालाच घेतलेली. गाडीचे मालक नाही आले का, असंही त्यानं विचारलं. ते घरी असतात, एवढंच तिनं सांगितलं.

जितेंद्रनं कंपाउंडची बाटली तिच्यासमोरून उचलून मागच्या फळीवर ठेवली. नवख्या हातानं ते लावलं तर ओरखड्यांबरोबर रंगावरची पारदर्शक परतही निघून जाते, हे त्यानं नीट समजावलं. तिच्यासाठी शाम्पू, मऊ कापडं, बारीक पॉलिश आणि वरून वॅक्स पुरे होतं. गाडी सावलीत घ्यायची, आधी धुवायची, मग हातभर जागा धरून पुढे सरकायचं.

"जोर नका लावू, ताई," तो म्हणाला. "घासायचं, पण हळूच."

सामान घेऊन ती ऑटोनं बेसाला घरी परतली.

गिरिधर, तिचा नवरा, हिंगण्याच्या एका कारखान्यात फोरमन होता. जन्मभर मोटरसायकलवर गेला, आणि मग ही पहिली गाडी. तो कौशल्याला गाडीला हात लावू देत नसे. पदराचा जरीकाठ लागला तरी चरे पडतात, म्हणायचा. थंडीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. धंतोलीच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा उजवं अंग निर्जीव झालं होतं आणि वाचा गेली होती. नाकातली नळी काढली होती, पण पोटात पुरेसं अन्न गेलं नाही तर ती पुन्हा घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

कौशल्यानं त्याचा पलंग हॉलमध्ये, खिडकीसमोर लावला. तेवढीच अंगणातली गाडी दिसत राहील. ती स्वतः खिडकीकडे पाठ करून स्टुलावर बसायची आणि त्याला मऊ वरणभात भरवायची. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, मालिश. दिवस त्यातच जायचा. तिचं झाकून ठेवलेलं ताट पुष्कळदा संध्याकाळी गाईपुढे जायचं.

असंच भरवताना गिरिधरनं एकदा तोंड मिटून घेतलं. चमचा बाजूला सारला, डावा हात समोर उचलला आणि आजारपणातला पहिला शब्द बोलला.

"घास."

कौशल्याला रडू आलं. तिनं वळून खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याच्या कामाची धूळ गाडीवर बोटभर बसली होती, डाळिंबी रंग ओळखू येत नव्हता. वाचा आली ती गाडीसाठी, हे तिच्या मनाला लागलं. पण आली तरी. तिनं पुण्याला चिन्मयीला फोन केला. बाबांना हवं ते कर, असं लेकीनंही सांगितलं.

तिनं गाडी धुतली, पुसली. परत येऊन वाटी हातात घेतली. त्यानं दोन चमचे खाल्ले, पुन्हा तोंड मिटलं आणि पुन्हा हात उचलला.

"घास."

म्हणून ती दुकानात गेली होती. आता पॉलिश आणलं, वॅक्स आणलं. सकाळची कामं उरकून ती अंगणात उतरायची आणि गोल गोल हात फिरवत राहायची. खांदे भरून यायचे. बोनेटमध्ये वरच्या कडुनिंबाची पानं आरशासारखी दिसू लागली, तेव्हा तिनं खिडकीतून त्याला हाक मारून दाखवलं. गिरिधरनं मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्याचं वजन उतरत होतं. डॉक्टरांनी नळीचं नाव पुन्हा काढलं.

कौशल्या परत जितेंद्रकडे गेली. यापेक्षा वरचं काय असतं, तिनं विचारलं. खरं सिरॅमिक कोटिंग तिच्यानं जमणार नाही, एकदा चुकीचं सुकलं की डाग बसतात, असं तो म्हणाला. त्यानं फवाऱ्याचं सोपं कोटिंग दिलं. थोडं मारायचं, लगेच कोरड्या कापडानं पुसायचं.

दुसऱ्या दिवशी ती चहा पिऊन जी गाडीशी लागली ती ऊन अंगणात येईपर्यंत. शेवटच्या दाराशी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती बोनेटला धरून उभी राहिली. आतून गिरिधर ओरडायला लागला. "घास! घास!"

बोनेटवर तिच्या ओल्या पंजाचा ठसा उमटला होता. तिनं तो पुसला आणि घरात आली. हातातलं कापड जमिनीवर टाकलं.

"अजून काय घासू जी?" ती म्हणाली. "हातात जीव नाही राहिला माह्या. तुमाले गाडीच दिसते, मी नाही दिसत. आता जेवा, नाही तर नका जेवू."

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी असं बोलली होती. तिनं वरणभाताची वाटी त्याच्या मांडीवर ठेवली, स्टुलावर बसली आणि तोंड ओंजळीत झाकून घेतलं.

बराच वेळ चमचा वाटीवर खडखडत राहिला. डाव्या हाताची सवय नव्हती. भात चादरीवर सांडत होता. तो स्वतःहून जेवतोय असं वाटून तिनं हात बाजूला केले आणि वर पाहिलं.

अर्धा भरलेला चमचा थरथरत पुढे आला आणि तिच्या ओठांशी थांबला.

"घास," गिरिधर म्हणाला.