दहा वेळा नमो मारिया

“घड्याळाकडे बघू नकोस बाई. सावकाश दहा वेळा नमो मारिया म्हण. तेवढा वेळ ढवळलं, की रेझिन काचेसारखं घट्ट होतं.” मठातल्या सिस्टर अॅट्रॅक्टांनी मला असं शिकवलं होतं. गावातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोंवर मी तसाच रेझिनचा, म्हणजे दोन बाटल्यांतली द्रव्यं मिसळून होणारा पारदर्शक थर चढवते.

शेजारच्या पेगने तिच्या डोनलचा फोटो छापून आणला. पहिल्या पुण्यतिथीच्या मिस्साला तो चर्चमध्ये ठेवायचा होता. “त्या दहा प्रार्थना माझ्या नवऱ्याच्या नावाने म्हण हं, नोरा,” ती म्हणाली. मी शब्द दिला.

मिस्साला दोन दिवस उरले असताना ती तो फोटो आणि त्याची एक नवी प्रत घेऊन परत आली.

“अगं, हा अजून चिकटच आहे! पुसायला गेले तर फडक्याचे धागे गालाला चिकटले. जिवंतपणी कधी दाढी ठेवली नाही, आता बघ!” ती हसली. “बाटलीच खराब निघाली असणार. तुझ्या प्रार्थनेत कुठली आलीय कसर!”

मला तिच्याकडे बघवेना.


त्या दिवशी चौथ्या प्रार्थनेलाच बहिणीचा फोन आला होता, आणि मी ढवळणं थांबवून रेझिन तसंच ओतून मोकळी झाले होते.

पेग गेल्यावर मी फोन बंद केला, डोनलचा नवा फोटो समोर ठेवला आणि पहिल्या नमो मारियापासून ढवळायला सुरुवात केली.