रोज एकच प्रकरण

आप्पांची नजर गेल्यापासून त्यांच्या आवडत्या लेखकाच्या रहस्यकथा त्यांची सून त्यांना वाचून दाखवायची. रोज एकच प्रकरण, आणि एकटीने पुढे वाचायचं नाही, असं दोघांचं ठरलेलं. पण नवी कादंबरी अशी काही रंगली, की दुपारी आप्पा घोरायला लागताच तिला राहवेना. गॅसवर भाजी करपली, तरी खुनी सापडल्यावरच ती उठली.

संध्याकाळी ती जणू काही झालंच नाही अशा थाटात वाचायला बसली. जिन्यात पावलं वाजली तिथे आवाज खाली आणला, दार करकरलं तिथे श्वास रोखला. नाटक छान वठलं, असं तिला वाटलं.

"संपवलंस ना पुस्तक?" आप्पांनी विचारलं.

"कशावरून?"

"एरवी पुढे काय होतंय या घाईत तू शब्द गिळतेस. आज एकही गिळला नाहीस."

त्यांना दिसत नाही हे ठाऊक असूनही तिने पुस्तक तोंडासमोर धरलं.

"खुनी कोण ते सांगू नकोस," आप्पा हळूच म्हणाले. "फक्त उद्यापासून थोडी अडखळत वाच. एकट्यानेच घाबरायला मजा येत नाही गं."