तिधारी काडी

"तातो, मला पांढरं सोडून काही दिसत नाही!"

स्तेफा गुडघाभर पाण्यात उभी होती. भोवती डोक्याच्या वर गेलेलं पाणकणीस आणि दाट धुकं. त्याच एका मोडलेल्या कणसापाशी ती दुसऱ्यांदा येऊन पोचली होती.

वडिलांचा आवाज डावीकडून आला. "मला तर सहा वर्षं पांढरंही दिसत नाही. मी ओरडतो का?"

पैज न्याहारीच्या टेबलावर लागली होती. तिचा बाप ओनुफ्री ब्याऐंशी वर्षांचा, आंधळा, शेतावर एकटा राहणारा. स्तेफानं यॉर्कटन शहरातल्या वृद्धाश्रमात त्याच्यासाठी खोली ठरवली होती. तो म्हणाला, "घरामागच्या पाणथळीच्या मध्यापर्यंत एकटा जातो आणि एकटा परत येतो. झाडं हातानं ओळखत. आलो, तर मरेपर्यंत इथंच. नाही आलो, तर मुकाट तुझ्या गाडीत बसेन." तो निघाला. काळजीनं स्तेफा मागोमाग आत शिरली. मग धुकं उतरलं.

"हाताला काय लागतंय?" त्यानं विचारलं.

"पाणकणीस. आणि पुढं गवत."

"गवत म्हणे! शहरात राहून पार वाया गेलीस. उपटून बघ. काडी गोल आहे की तिधारी?"

स्तेफानं काडी बोटांत फिरवली. "तिधारी."

"म्हणजे लव्हाळा. पाणथळ वाटोळी, तिच्यातल्या प्रत्येक झाडाचा पट्टाही वाटोळा. एकाच झाडाच्या सोबतीनं चालशील, तर संध्याकाळपर्यंत प्रदक्षिणा घालशील. पाणकणीस पाठीशी ठेव आणि लव्हाळ्यातून आडवी पार जा. काय काय लागतंय ते सांगत राहा. मोठ्यानं!"

"बेडूक लागला!"

"त्याला वाट विचारू नकोस. पुढं?"

ती सांगत राहिली. पाणी पोटरीशी आलं. मग घोट्याशी. लव्हाळा विरळ झाला. पायाखाली मऊ, आखूड गवत लागलं. त्याचा आवाज मधूनमधून येत होता. पाणी किती? काडी कसली? टोकाला तुरा आहे का? ती प्रत्येक उत्तर शाळेतल्यासारखं खणखणीत देत होती. तिला हसूही येऊ लागलं होतं. एवढ्यात चुरडल्या पानांचा ओळखीचा वास आला.

"रानपुदिना, तातो!"

"तो फक्त घराच्या बाजूला उगवतो. सुटलीस, पोरी!"

दहा पावलांत जमीन कोरडी झाली. धुक्यातून कुंपण दिसलं. शेजारीच गवत सळसळलं आणि ओनुफ्री बाहेर आला, कमरेपर्यंत चिखलानं माखलेला.

स्तेफानं त्याला मिठी मारली. "हरले मी. खोली आजच नको म्हणून कळवते. तुम्हाला न्यायला आले आणि तुम्हीच मला बाहेर काढलंत."

ओनुफ्रीनं बूट काढून पाणी ओतलं. मग तो खदखदून हसला.

"बोटं थंडीनं बधिर झाली त्याला दोन हिवाळे झाले. काडी गोल की तिधारी, मला आता कळत नाही. तू मोठ्यानं सांगत होतीस, म्हणून मी बाहेर आलो. चल, गाडी काढ."