भगवानरावांची अपुरी पोस्ट

"माहं बी लिहून ठेव ना गा," भगवानराव दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाले.

प्रफुल्लने झेरॉक्सच्या मशीनवरून मान वर केली. पांढरकवड्याच्या बसस्टँडमागे त्याचं एवढंसं दुकान. म्हातारा ओळखीचा होता. जन्मभर जिनिंगमध्ये मुकादम, आणि कापसाचे दिवस फिरल्यावर जिनिंगला कुलूप लागलं तसा घरी बसलेला.

"काय लिहू, काका?"

"त्या तुह्या ब्लॉगवर. मी वाचतो ना सगळं. नातीच्या मोबाईलवर."

प्रफुल्लच्या हातातले कागद तसेच राहिले. इतक्या वर्षांत त्याचा पहिला वाचक चपला काढून समोर उभा होता! त्याने खुर्ची पुसली, चहा सांगितला.

ब्लॉग सुरू झाला ती वर्षंच वाईट होती. जिल्ह्यात शेतकरी जीव देत होते आणि पेपरात दोन ओळी येत होत्या. वय, शेती किती, पंचनामा झाला. प्रफुल्लचा मोठा भाऊ अमर असाच दोन ओळींत आला. ज्या अमरने गॅदरिंगमध्ये लुगडं नेसून हेडमास्तरांनाही फसवलं होतं, त्याची अशी बोळवण प्रफुल्लला सोसली नाही. त्याने ब्लॉग उघडला आणि भावाचं ते लुगडं लिहिलं. मग बातमी आली की तो निघायचा. कधी केळापूर, कधी वणी, कधी पार ढाणकी. घरच्यांजवळ बसायचा आणि माणूस कसा होता तेवढंच विचारायचा. कोण शीळ चांगली घालायचा, कोण पत्त्यांत लबाडी करायचा. ते लिहायचा.

वाचायला मात्र कुत्रं फिरकत नव्हतं. मित्र त्याला मसणातला वार्ताहर म्हणायचे. एका जाणत्याने सांगितलं होतं, ब्लॉगला धीर लागतो, लिहीत राहा, लोक येतील. याने धीर धरला. वर्षं गेली. नवी पोस्ट टाकली की खालचा आकडा एकाने हलायचा. तो एक आपणच असणार, असं त्याने धरून टाकलं होतं. अलीकडे पोस्टी लहान होत चालल्या होत्या. दुकानाचं शटरही अर्धंच वर असायचं.

चहा आला तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"पण काका, मी तं गेलेल्यायचंच लिहितो."

"माहीत आहे मले," भगवानराव बशीत चहा ओतत म्हणाले. "तू लिहून ठेव. वेळ आली का लावजो."

म्हातारा जीव द्यायचं म्हणतोय, असं प्रफुल्लला वाटलं. अमरच्या वेळी त्याला काही कळलं नव्हतं. या वेळी कळत होतं. आरडाओरडा करून उपयोग नव्हता, उपदेश करून तर मुळीच नव्हता.

"एका दिवसात नाही होत, काका," तो म्हणाला. "हे धीराचं काम असते. रोज सांजच्याले या. थोडं थोडं सांगा."

भगवानराव रोज येऊ लागले. वणीला टॉकीज पाहायला घरून पळून गेले ते सांगितलं. स्वतःच्या वरातीत घोडी मधेच बसली आणि नवरदेव पायी मांडवात गेला, ते सांगितलं. गोष्ट संपत आली की प्रफुल्लच्या जिवाला घोर लागायचा. तो काहीतरी खुसपट काढायचा. घोडी कोणाची होती? रंग कोणता? सासरे काय म्हणाले? "पोलीसबी इतकं विचारत नाही रे," म्हातारा चिडायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन यायचा. त्यांची बायको शकुबाई सोबत डबा द्यायच्या. काकांना वाईट वाटू नये म्हणून प्रफुल्ल दोन घास खायचा. मग चार खाऊ लागला. त्यांचा खोकला रस्त्यावर ऐकू आला की त्याच्या जिवात जीव यायचा. पोस्ट वाढत गेली आणि त्याने ती कधी पुरी होऊ दिली नाही.

कापूस वेचणीला आला असताना भगवानराव झोपेतच गेले. वयाने गेले, आपल्या मरणाने गेले. प्रफुल्ल अमरसाठी रडला नव्हता इतका त्यांच्यासाठी रडला. पण त्या रडण्यात एक समाधानही होतं, खोटं कशाला बोला. आपण धीर सोडला नाही, म्हणून म्हातारा इतके दिवस टिकला.

तेरवी झाल्यावर तो पोस्ट पुरी करायला शकुबाईंकडे गेला. एकच गोष्ट विचारायची राहिली होती. ती खुद्द काकांना विचारायची हिंमत त्याला कधी झाली नव्हती.

"काकू, पह्यल्या दिवशी काका आले, तवा त्यायले दुःख कायचं होतं?"

"त्यायले कायचं दुःख?" शकुबाई गोंधळल्या. "खाऊन-पिऊन सुखी माणूस. दुःख तं तुले होतं, बापू. पह्यले तू गेलेल्याचं हसणं-बोलणं लिहे. मंग नुसतं 'सुटला बिचारा, सुटला' लिहाले लागला. ते वाचून हे रातभर या कुशीचे त्या कुशीवर. म्हणे, शकू, हे पोरगं आता सोताचंच लिहीन. याले सांजच्याले एकटं ठेवाचं नाही."

प्रफुल्लने हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुह्ये प्रश्न सरत नव्हते अन् यायच्या गोष्टी कवाच्या सरल्या होत्या," त्या हसता हसता रडू लागल्या. "मंग आमी दोघं सकाळी बसून नवीन जुळवू. ती टॉकीज, ती घोडी, सारं खोटं हाय. अन् रोज घरी आले का सायकल भिताडाले टेकवत पह्यले मले सांगत, 'आहे, शकू. पोरगं आज बी आहे.'"