टाकी दिसते का

सांबऱ्याच्या विमानतळावर हवामान ऑफिसच्या गच्चीत सौम्या धुक्याकडे टक लावून उभी होती. डोक्यावर विमानाचा आवाज घिरट्या घालत होता. विमान काही दिसत नव्हतं, आणि वरच्यांनाही खालचं काही दिसत नसणार.

किती लांबचं दिसतं ते तिनं सांगायचं. समोरचं गोदाम दिसलं तर हजार मीटर. त्याच्या पलीकडची गावची पाण्याची टाकी दिसली तर पंधराशे. पंधराशेच्या खाली आकडा गेला की भाड्यानं आणलेल्या या विमानाला उतरायला सुरुवातसुद्धा करता येत नाही, वैमानिक कितीही पटाईत असो. नियम माणसं वाचावीत म्हणूनच केलेला आहे. आज नेमका तोच आडवा आला होता.

खाली ॲम्ब्युलन्स तयार उभी होती आणि तिच्यात सौरव होता. बेंगळुरात त्याच्यासाठी लिव्हर मिळालं होतं, आणि त्याला तिकडं न्यायलाच हे विमान आलं होतं. दुपारपर्यंत पोचला तर त्याचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं. सौरवचा बाप भरमू याच ऑफिसातला सगळ्यांत जुना माणूस. सौम्याला हे काम त्यानंच शिकवलेलं. आज तो रजेवर होता, तरी जिना चढून वर आला.

“दिसत्याय की गं टाकी! ती बघ.”

सौम्यानं त्याच्या बोटाच्या रोखानं बघितलं. गोदाम होतं. त्याच्या मागं नुसतं पांढरं.

“अण्णा, मला न्हाय दिसत.”

“नीट बघ की. जन्म गेला माझा त्या टाकीखाली.”

ती पुन्हा बघत राहिली. टाकी दिसावी असं तिला भरमूइतकंच वाटत होतं, पण वाटून धुकं हटत नाही.

फोन वाजला. टॉवरवाले होते. इंधन संपत आलंय, विमान आणखी थांबू शकत नाही, आकडा द्या, नाहीतर ते हुबळीला जाऊन उतरेल. हुबळी म्हणजे रस्त्यानं दोन तास. सौम्यानं फोन भरमूच्या हातात दिला.

“तुम्हीच सांगा, अण्णा. तुम्ही म्हणशीला तो आकडा.”

भरमू फोन घेऊन कठड्याशी गेला. टाकी त्याला खरोखरच दिसत होती. तिची गळकी कड, कडेचं शेवाळ, गंजलेली शिडी, सगळं. शिडीच्या वरच्या पायरीवर सौरवही बसलेला दिसत होता, शाळेच्या खाकी चड्डीत. खाली उतर म्हणून बाप ओरडतोय आणि पोरगं हसतंय.

टाकीकडं रोखलेलं भरमूचं बोट खाली आलं.

“विमानात किती माणसं हायत गं?” त्यानं विचारलं.

“चार. दोघं चालवणारी, एक डॉक्टर, एक नर्स.”

त्यानं फोन तोंडाशी धरला. “एक हजार मीटर,” तो म्हणाला. “टाकी दिसत न्हाय.”

आवाज एकदा डोक्यावरून गेला आणि हुबळीच्या बाजूला लांब लांब होत गेला. सौम्या रडायला लागली. भरमूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला स्वतःला रडायलाही वेळ नव्हता. तो भराभरा जिना उतरला, ड्रायव्हरला गाडी हुबळीच्या रस्त्याला घे म्हणाला आणि मागं पोराजवळ जाऊन बसला.

सौरवनं डोळे उघडले. धुक्यामुळं ड्रायव्हरनं दिवे लावले होते. गाडी हलली.

“आप्पा, आवाज आलता न्हवं? विमान आलं काय?”

भरमूनं त्याच्या अंगावरची चादर छातीपर्यंत ओढली.

“आलतं रं,” तो म्हणाला. “आता आपून जायाचं त्याच्याकडं.”