खिळ्यावरची सुरी

विमानतळावर तपासणीची रांग पुढे सरकली तेव्हा बुरुलला दिसलं, की गणवेशातली मुलगी प्रत्येक बाईला हातांनी चाचपून बघते आहे. काखेत, पाठीवर, कमरेभोवती. कमरेपाशी हात जरा जास्तच रेंगाळत होते.

बुरुलनं झगा कमरेपाशी सारखा केला. लांब झग्याच्या आत, लोकरी विजारीच्याही आत तिनं डायपर बांधलं होतं. मोठ्या माणसांचं. गेल्या हिवाळ्यापासून तिला त्याच्याशिवाय घराबाहेर पडता येत नव्हतं आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ओश शहरात आपलं कुणी जात नाही अशा बाजारातून ती पाकिटं आणायची आणि पिठाच्या पेटीत, अगदी तळाशी लपवायची. एर्गेश, तिचा नवरा, पिठाच्या पेटीला कधी हात लावत नसे.

तिच्या मागेच विहीण उभी होती, उमसुनाई. सुनेची आई. तिघं मिळून बिश्केकला, मुलाच्या घरी निघाली होती, नातवाला पहिल्यांदा पाळण्यात घालायला. पाळणा रिवाजाप्रमाणे विहिणीनं आणला होता. तो सामानात गेला, पण बाळाची शू वाहून नेणारी पाळण्याची लाकडी नळी तिनं हातातल्या पिशवीत ठेवली होती. यंत्रापाशी बसलेल्या शिपायानं ती बाहेर काढली.

"ही इथं कशाला, आजी?"

"मग सामानात टाकून मोडू? पहिलीच धार माझ्या मांडीवर यायची!" उमसुनाई खिदळली. "हसतोस काय? तूही ह्यातूनच वाहिलास. आता टोपी मिळाली म्हणून विसरलास होय?" मग रांगेकडे वळून म्हणाली, "बाळानं ओलं केलं तर आपण गावजेवण घालतो. म्हातारीनं करून बघावं, दाराबाहेर अंथरूण टाकतील!"

रांग हसली. बुरुलही हसली, सगळ्यांचं हसून झाल्यावर.

बाळाला पाळण्यात बांधायचा मान तिचा होता, बापाकडच्या आजीचा. विहिणीला तो हवा होता, हे विहिणीनं लपवलंही नव्हतं. आणि आता ती हातभर अंतरावर उभी होती. त्या मुलीनं नुसतं विचारलं, की संपलं. बिश्केकला उतरायच्या आत उमसुनाई दोन्ही घरांत फोन करील. जिला स्वतःला कोरडं राहता येत नाही, ती बाळाला काय बांधणार? बुरुलला ते शब्द आत्ताच ऐकू येत होते.

पोटात दुखतंय म्हणावं. घरी जावं. तिनं एर्गेशकडे पाहिलं.

तो शेजारच्या पुरुषांच्या रांगेत, धातू शोधणाऱ्या चौकटीच्या तोंडाशी वाकून बूट सारखा करत होता. मागची माणसं "व्हा की पुढे" म्हणत होती. तो एकेकाला वाट देत होता. घोड्यावरसुद्धा आवाज न चढवणारा माणूस. सकाळी निघताना त्याची सुरी खिळ्यावर आहे ना, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. शिंगाच्या मुठीची, त्याच्या बापाची सुरी. लग्न असो की मयत, पाहुण्यांसाठी मांस कापायला तीच निघायची.

"विमानात चालत नाही हो," ती म्हणाली होती.

"मी काय लेकरू आहे?" असं म्हणून तो निघाला, आणि टोपी राहिली म्हणून फाटकातून परत गेला.

"आजी, पुढे या. हात वर."

बुरुलनं हात वर केले. मुलीचे तळवे पाठीवरून खाली आले, कमरेपाशी आले आणि थांबले. पुन्हा दाबून पाहिलं.

"हे काय आहे?"

विहिणीचा श्वास मानेवर लागत होता. तेवढ्यात पुरुषांकडची चौकट किंचाळली.

"बूट काढा, बाबा."

"नाही काढत!"

सगळे वळले. एर्गेश ओरडत होता. दोन शिपायांनी त्याला बसवलं, बूट ओढला, आणि आतून शिंगाची मूठ वर आली.

"सुरी? विमानात?"

"बापाची आहे माझ्या! हात लावून तर बघ!"

"ही नेता येत नाही, बाबा."

"का? मी काय विमान कापून खाणार आहे?"

"अगं बाई, व्याही पिसाळले!" म्हणत उमसुनाई रांग सोडून तिकडे धावली. रांगही माना उंच करून तिकडेच बघू लागली.

मुलीनं मात्र हात काढला नव्हता. "आजी, काय आहे हे?"

"डायपर," बुरुल म्हणाली. हा शब्द तिनं आजवर कुणापुढे उच्चारला नव्हता. त्या गलक्यात तो फक्त त्या मुलीलाच ऐकू गेला.

मुलीनं कमरेची कड एकदा नीट चाचपली आणि मान हलवली. "जा, आजी. आणि तुमच्या म्हाताऱ्याला आवरा."

बुरुल पलीकडे पोचली, आणि एर्गेशचा आवाज बंद झाला. रेडिओचा कान पिळावा तसा. त्यानं सुरी पुसली आणि मुठीकडून शिपायाच्या हातात दिली.

"परत मिळणार नाही बरं, बाबा."

"बरं."

"एका सुरीपायी एवढा तमाशा!" उमसुनाई विमानात बसेपर्यंत बडबडत होती. "विहीणबाई, ह्यांना दाखवा कुणाला तरी."

तिची जागा मागे होती. बुरुल एर्गेशच्या शेजारी बसली. तिनं पट्टा बांधला. विमान हललं तेव्हा कुठे तिला तो खिळा आठवला.

"सुरी खिळ्यावर होती," ती हळूच म्हणाली. "मी पाहिली होती."

"होती."

त्यानं मागे वळून विहिणीच्या जागेकडे एकदा पाहिलं. मग तो तिच्या कानाशी वाकला.

"पिठाच्या पेटीत उंदीर झालेत," तो म्हणाला. "तुझी ती पाकिटं माझ्या खोगिराच्या पेटीत ठेव. तिला कुलूप आहे."