परतीचा रकाना

"तुळजा, टेबल सोडायचं तर आधी हालचाल वहीत लिहायचं. आल्यावर परतीची वेळ घालायची. विसरायचं नाही हं." आमच्या हेडक्लार्क पार्वतीबाई रोज सांगायच्या.

मग त्या आजारपणात वारल्या. जाण्याआधी माझा हात धरून म्हणाल्या, "वज्रेश्वरीची माझी ओटी राहिली गं. तू भरशील?" मी हो म्हटलं आणि दोन मंगळवार ऑफिसच्या कामात घालवले.

दोन्ही मंगळवारी वहीत त्यांच्या अक्षरात, शाई अजून ओली असलेली नोंद होती. 'पार्वती. वज्रेश्वरी. निघाले ११.१०.' परतीचा रकाना कोरा.

मी शिपाई अनंताला हळूच विचारलं.

"ताई, वही तुमच्या कपाटात, चावी तुमच्या कमरेला. मी काय भूत हाय?" तो हसला.

आज तिसरा मंगळवार, माझा उपास. दूर कामतघरचे कापडाचे लूम एका लयीत चालले होते. वही उघडली. नोंद माझ्या नावाची, माझ्याच अक्षरात. 'तुळजा. वज्रेश्वरी. निघाले ११.१०.' परतीच्या रकान्यात लाल रेघ, पार्वतीबाई गेल्यावर हजेरीपटात त्यांच्या नावापुढे मी मारली होती तशीच.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली. खण-नारळाची पिशवी घेतली, खुर्ची आत सारली आणि मी एसटी स्टँडकडे निघाले.